कर्दळीची कात्री सोनटक्क्याला लागली

या वेळचं पत्र पुण्याहून आलं आहे. जरा लांब होतं, थोडं कापून देते.

"ताई, नमस्कार. आमचं रो-हाउस आहे. घराच्या पश्चिमेच्या भिंतीलगत दहा फूट लांब आणि तीन फूट रुंद मातीची पट्टी आहे. दुपारपासून मावळेपर्यंत तिथे ऊन असतं. पट्टीच्या एका टोकाला लाल कर्दळ पूर्वीपासून आहे. दुसऱ्या टोकाला मी तीन वर्षांपूर्वी सोनटक्का लावला. सासूबाईंचं माहेर राजापूरकडचं, तिथल्या आगरातून त्यांनी स्वतः कंद आणले होते. दोघांना पाणी सारखं, खत सारखं, छाटणीही सारखीच. आषाढात दांडे कमरेच्या वर गेले की मी अर्ध्यावर कापते, म्हणजे फुटवे येतील. दर मे महिन्यात कंद काढून मैत्रिणींना वाटते आणि उरलेले पुन्हा लावते. कर्दळ बारा महिने फुलते. सोनटक्क्याला मात्र तीन वर्षांत एक फूल नाही, पानं कडेने करपतात आणि थंडीत तर झाड झोपतंच. शेजारच्या काकू म्हणतात, हा सोनटक्का नाहीच, रानहळद असेल. ह्यांचं म्हणणं, उपटून टाक आणि सगळीकडे कर्दळ लाव. सासूबाई काही बोलत नाहीत, पण गौरी येतात तेव्हा एकदा त्या टोकाशी जाऊन येतात. गच्चीवर दोन मोठ्या कुंड्या रिकाम्या आहेत. मागच्या दाराशी मोरी आहे, पण तिथे सकाळी तास-दोन तासच ऊन, पुढे सावली आणि कायम ओल, म्हणून तिथे काही लावत नाही. काय करू? दोन्ही ठेवू की एक?"

"छाटणीही सारखीच" हे वाक्य मी दोनदा वाचलं. घोडं तिथेच पेंड खातंय.

पण आधी काकूंचा संशय मिटवू, नाहीतर पुढचं सगळं वाया. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानं दांड्याच्या दोन बाजूंना शिडीच्या पायऱ्यांसारखी लागलेली दिसतात आणि दांडा चांगला कमरेएवढा आहे. रानहळद असा दांडा करत नाही. तिची पानं लांब देठांवर थेट जमिनीतून वर येतात. तरी खात्री हवी असेल तर उद्या सकाळी झाडाजवळ बसा. पान जिथे दांड्याला बिलगतं तिथे नख सरकवा. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, बोटाच्या पेराएवढी एक जीभ दांड्याला चिकटून उभी असेल. मग पानाच्या पाठीवरून अंगठा फिरवा, बारीक रेशमी लव लागेल. आता हेच कर्दळीच्या पानाला करून बघा. जीभ नाही, लवही नाही, दोन्ही अंगांना गुळगुळीत मेणचट पान, आणि पावसाचा थेंब त्यावर पाऱ्यासारखा पळतो. कंदाचा एक कोपरा मोडून वास घ्या. सोनटक्क्याचा आल्यासारखा येतो, कर्दळीचा नुसता ओल्या मातीचा. माझ्या मते तुमच्याकडे आहे तो सोनटक्काच, आणि तोही अगदी तब्येतीत. त्याला फुलायची सवड मिळालेली नाही, एवढंच.

ती का मिळाली नाही, ते सांगते. लांबून पाहिलं तर ही दोन झाडं भावंडं वाटतात. कंदातून येतात, रुंद पानं करतात, पाणी ढोसतात. केळ, आलं, हळद, वेलची या सगळ्यांच्या मोठ्या गोतावळ्यात दोघंही बसतात. पण घराणी वेगळी. सोनटक्का आल्याच्या कुळातला, आणि कर्दळीचं कूळ तिचं एकटीचं. फुलायची रीत तर अगदीच निराळी.

कर्दळीचा कोंब उबेत नि ओलीत कधीही वर येतो. दोन-तीन महिन्यांत त्याचं पान होतं, दांडा होतो, शेंड्यावर तुरा येतो, आणि तेवढ्यात शेजारून पुढचे दोन कोंब निघालेले असतात. एखादा दांडा तुम्ही अर्ध्यावर कापलात तर त्या दांड्याचं फूल जातं, पण ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण बाकीचे चार फुललेले असतात. म्हणून तुम्हाला वाटलं की कापल्यामुळे ती जास्त फुलते. ती तुमच्या कात्रीकडे दुर्लक्ष करून फुलते आहे.

सोनटक्क्याचा हिशोब वर्षाचा. वळवाच्या आगेमागे त्याचे कोंब वर येतात, मृगापासून श्रावणापर्यंत दांडा पानांवर पानं चढवत जातो, आणि ती सगळी कमाई शेवटी त्याच दांड्याच्या शेंड्यावर फूल होऊन येते. एक दांडा, एक कणीस, तेही शेंड्यावरच. मधून फांदी फुटणं त्याला ठाऊकच नाही. तुम्ही आषाढात, म्हणजे कळी धरायच्या महिनाभर आधी, दांडे अर्ध्यावर आणता. नंतर जमिनीतून जे फुटवे येतात त्यांना पुरी वाढ होण्याइतका पावसाळा शिल्लक राहत नाही. मग थंडी लागते, झाड झोपतं. पुढच्या मे महिन्यात तुम्ही त्याला झोपेतून उठवून तुकडे करता आणि मैत्रिणींना वाटता. फुलणार कधी हो बिचारा?

रागावून लिहीत नाहीये. माझ्या हातून याहून वाईट झालंय. पहिल्या वर्षी कुंडीतल्या सोनटक्क्याची पानं डिसेंबरात पिवळी पडून लोळली, तेव्हा मी तो मेला म्हणून कुंडी पालथी केली आणि त्या मातीत पालक पेरला. कंद कुजलेच असतील असं धरून चाळायच्या कचऱ्यात, खताच्या खड्ड्याशेजारी टाकून दिले. जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि आठवड्याभरात तिथून, नारळाच्या करवंट्यांमधून, सात कोंब वर आले. फुललेही त्याच वर्षी. मी ज्या जागेवर मुद्दाम काहीही केलं नव्हतं तिथे.

या झोपेचं कारण त्याच्या मूळ गावात आहे. सोनटक्का पूर्व हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिण चीनपर्यंतच्या पट्ट्यातला. तिथे उन्हाळा-पावसाळा भिजका, झाडांची सावली दाट आणि थंडी कोरडी. ओल आहे तोवर धावायचं आणि कोरड पडली की कंदात जाऊन बसायचं, हा त्याचा स्वभाव. कोकणात माडापोफळींखाली शिंपण्याचं पाणी वर्षभर मिळतं म्हणून तो तिथे पुरता झोपत नाही. पुण्याच्या कोरड्या थंडीत झोपतो. झोपला की त्याला झोपू द्या. पाणी आठवड्यातून एकदा, माती पार भुगा होऊ नये इतकंच. या दिवसांत रोज पाणी घातलंत तर मात्र कंद खरोखर कुजतील.

कर्दळ मुळात अमेरिका खंडातली, दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. १७५३ साली लिनियसने, म्हणजे झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या स्वीडिश शास्त्रज्ञाने, तिला 'कॅना इंडिका', म्हणजे 'इंडीजची', असं नाव दिलं आणि घोळ करून ठेवला. त्या काळी युरोपातल्या लोकांना पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे दोन 'इंडीज' होते. हिच्या वाट्याला पश्चिमेकडचा आला. उलट जो खरा आपल्या बाजूचा, त्या सोनटक्क्याला लिनियसच्याच एका शिष्याने, तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत आलेल्या क्योनिग नावाच्या वैद्याने, १७८३ साली 'हेडिकियम कोरोनेरियम' म्हटलं. हेडिकियम म्हणजे गोड बर्फ. आणि गंमत अशी की हा सोनटक्का आज क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे. तिकडे त्याला 'मारिपोसा' म्हणतात, म्हणजे फुलपाखरू. स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या बायका या फुलांत लपवून निरोप नेत असत, असं सांगतात.

आता कुणीतरी मला गुरुचरित्रातल्या कर्दळीवनाची आठवण करून देईल, म्हणून आधीच लिहिते. जुन्या मराठीत कर्दळी म्हणजे केळ. श्रीशैलाजवळच्या त्या वनाचा आपल्या लाल-पिवळ्या कर्दळीशी नावापलीकडे संबंध नाही. ही बया समुद्र ओलांडून नंतर आली आणि केळीच्या पानासारखं पान बघून आपण तिला तेच नाव देऊन टाकलं.

तुमच्या प्रश्नाकडे येते. दोन्ही ठेवा. फक्त जागा बदला आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावू नका.

पश्चिमेची पट्टी कर्दळीची. यजमानांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. तिला निदान सहा तास सरळ ऊन लागतं, आणि ते तिथे आहे. सावलीत ठेवली तर ती नुसती उंच, लुळी आणि पानाळ होते. भिंत तापली तरी मुळाशी पाणी असेपर्यंत तिचं काही बिघडत नाही. तिचे पाय पाण्यात बुडाले तरी चालतं. सांडपाणी गाळण्यासाठी झाडांचे वाफे करतात त्यात कर्दळ हमखास असते, ती याच गुणामुळे. एप्रिल-मेमध्ये रोज भरपूर पाणी, पावसाळ्यात तुमची गरजच नाही, थंडीत दिवसाआड. ती खादाड आहे. दोन महिन्यांतून एकदा दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मुळाभोवती द्या.

तिचीही छाटणी तुम्ही थोडी चुकवताय. अर्ध्यावर कापू नका. तुऱ्यातली फुलं संपली की आधी तुराच खुडा, कारण खालच्या पानाच्या बगलेतून बऱ्याचदा दुसरा तुरा निघतो. तोही संपला की अख्खा दांडा जमिनीलगत कापा. उभे ठेवलेले वाळके दांडे म्हणजे गोगलगाईंची धर्मशाळा.

शेंगा धरू द्यायच्या की नाही, ते तुमच्यावर. फुलं जास्त हवी असतील तर त्या काटेरी दिसणाऱ्या हिरव्या बोंड्या काढून टाका. घरात लहान मूल असेल तर मात्र दोन-चार राहू द्या. आत काळे कुळकुळीत, वाटाण्याएवढे, छऱ्यासारखे टणक मणी निघतात. लोक त्यांच्या माळा करतात, झिम्बाब्वेत ते भोपळ्यात भरून खुळखुळे बनवतात. अर्जेंटिनात अशाच एका जुन्या खुळखुळ्यातून निघालेलं कर्दळीचं बी सुमारे ६०० वर्षांचं ठरलं, आणि तरी ते रुजलं. तुम्हाला बियांपासून रोप करायचं असेल तर टरफल कानशीने थोडं घासून, रात्रभर कोमट पाण्यात ठेवून पेरा. घासल्याशिवाय पेरलंत तर तेही आपली ६०० वर्षं वाट बघत बसेल.

आणि एक. कर्दळीचं पान सुरळी होऊन कडा चिकटलेली दिसली तर आत अळी आहे. ती सुरळी उलगडायची, अळी चिरडायची, झालं. फवारा लागत नाही. पानाच्या मागे नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा, ती पानं काढून जाळा. पण पानांवर शिरांच्या बरोबरीने पिवळे पट्टे, पानं आखडलेली आणि फुलं चितकबरी झालेली दिसली तर जीव लावू नका. तो विषाणूचा रोग असतो, कंदातूनच पुढे जातो आणि कात्रीवरून शेजारच्या झाडाला लागतो. गड्डा अख्खा उपटा, खतात टाकू नका, कात्री धुऊन पुसा. मैत्रिणींना वाटताना तर असला कंद चुकूनही देऊ नका.

सोनटक्क्याची जागा तुम्ही पत्रात स्वतःच लिहिली आहे, नको म्हणून. मागच्या दाराशी मोरी, सकाळचं तासाभराचं कोवळं ऊन, पुढे सावली, कायम ओल. अहो, राजापूरला तो कुठे होता ते सासूबाईंना विचारा. माझी पैज आहे, न्हाणीच्या पन्हळीपाशी किंवा विहिरीच्या थारोळ्याशी असणार. मी कोकणात पाहिलेले निम्मे सोनटक्के तिथेच होते. लोकांना वाटतं, सांडपाणी त्याला मानवतं. त्याला मानवते ती ओल आणि सावली. साबणाचं पाणी रोज थेट मुळात जात असेल तर ते थोडं वळवा, खरकटं धुतलेलं पहिलं पाणी तर नकोच. नंतरचं खळबळलेलं पाणी चालतं.

पश्चिमेला त्याची पानं कडेने करपतात ती दुपारच्या उन्हाने आणि तापलेल्या भिंतीने. कर्दळीच्या पानावर मेण आहे, ह्याच्या पानावर नाही. त्यात माती एकदा सुकली की टोकं तपकिरी झालीच. तेवढ्यासाठी त्याला काळोखात ढकलू नका. अगदी ऊन नसेल तर पानं हिरवीगार होतात आणि फूल मात्र रुसतं. सकाळचं दोन-तीन तास ऊन मिळालं तर उत्तम. मोरीवर एखादी फांदी झुकली असेल तर छाटून तेवढं ऊन वाढवा.

पण आत्ता हलवू नका. तुमचं पत्र आषाढातलं आहे, हे सदर येईपर्यंत श्रावण लागला असेल. या वर्षी जर तुम्ही दांडे अजून कापले नसतील (देवा, कापलेले नसोत) तर ते आहेत तिथेच राहू द्या. दुपारच्या उन्हाला आडोसा म्हणून पट्टीच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे सूर्य आणि सोनटक्का यांच्या मध्ये, कर्दळीचे तीन-चार वाढलेले गड्डे मातीसकट आणून रोवा. पावसाळ्यात ती उखडली तरी आठ दिवसांत सावरते. ह्यांची कर्दळ आईंच्या सोनटक्क्याला सावली धरेल. घरात कुणाला काय बोलायचं ते बोलू द्या. मुळाशी वाळल्या पानांचं चार बोटं जाड आच्छादन घाला. युरिया किंवा तसलं काही घालत असाल तर आजपासून बंद, त्याने फक्त पानं फोफावतात. कुजलेला पालापाचोळा, शेणखत आणि चुलीची राख मिळाली तर चिमूटभर, एवढं त्याला पुष्कळ.

दिवाळी उलटली आणि फुलून गेलेले दांडे पिवळे पडू लागले की तेवढेच दांडे जमिनीपासून कापा. न फुललेले, हिरवे असतील ते ठेवा. मग मेअखेरीला, पहिल्या वळवाच्या सुमारास, अख्खा गड्डा एकसंध उचलून मोरीपाशी न्या. तुकडे करू नका. कंद मातीत फार खोल पुरायचा नसतो, वर दोन बोटं माती बस, त्याची पाठ जरा उघडी राहिली तरी चालते. आल्यासारखाच आहे तो. पुढची तीन वर्षं त्याला हात लावायचा नाही. त्याला दाटी आवडते, कंदाला कंद खेटले की तो जोरात फुलतो. चौथ्या वर्षी गड्डा मधून पोकळ व्हायला लागतो, तेव्हा कडेचे ताजे कंद, प्रत्येकी दोन-तीन डोळे असलेले, काढून वाटा. तोवर मैत्रिणींना कर्दळ वाटा. तिची उदारी दर वर्षी परवडते.

त्याला कीड कमी. आलं-हळदीला लागतो तो खोडकिडा कधीकधी लागतो. मधला पोगा, म्हणजे गुंडाळलेलं नवं पान, एकदम वाळला आणि दांड्याला भोक पडून भुसा बाहेर आला की समजायचं. तो दांडा मुळापासून काढून टाका, शेजारचे वाचतात.

गच्चीवरच्या कुंड्यांमध्ये सोनटक्का लावण्याचा मोह होईल, टाळा. वारा त्याची पानं फाडून झिरमिळ्या करतो आणि स्लॅबची धग खालून लागते ती वेगळीच. तिथे ठेंगणी कर्दळ लावा, गुडघ्याच्या वर न जाणाऱ्या जाती रोपवाटिकांत मिळतात. कुंडी खोलीपेक्षा रुंदीला मोठी हवी, निदान सोळा इंच तोंडाची, कारण दोन्हींचे कंद आडवे पसरतात. अरुंद कुंडीत ते कड गाठून प्लास्टिक फोडतात. कर्दळीला पाणी आवडतं म्हणून खाली बशी ठेवून त्यात पाणी साठवू नका. तिला चालेल, पण डेंगीचे डास तुमच्याकडे कायमचे मुक्कामाला येतील.

एक सूचना पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी, विशेषतः ज्यांच्या बागेला लागून ओढा वाहतो त्यांच्यासाठी. दोन्ही झाडं पाण्याच्या कडेने पसरतात. हवाईत आणि ब्राझीलमध्ये सोनटक्क्याने ओढ्यांचे काठ असे व्यापलेत की तिथे तो उपद्रवी तण म्हणून काढावा लागतो. उपटलेले कंद ओढ्यात फेकू नका. माझ्या करवंट्यांतला अनुभव वर दिलाच आहे.

दोन झाडांतला खरा फरक मात्र खतपाण्यात नाही. कधी दोन्ही फुलं एका ताटलीत ठेवून बघा. दोन्हींत जे आपण पाकळ्या म्हणून कौतुकाने बघतो, त्या पाकळ्या नव्हेतच. ते पुंकेसर आहेत, पसरट रंगीत झालेले. खऱ्या पाकळ्या मागे लपलेल्या, अरुंद, कुणी विचारत नाही अशा. कर्दळीत तर उरलेल्या एकुलत्या कामाच्या केसरालाही अर्धाच परागकोष असतो, बाकीचा अर्धा नटायला गेलेला. रंगाचा एवढा थाट, आणि वासाच्या नावाने शून्य. तिच्याकडे दिवसा, रंग बघून पक्षी येतात. तिच्या मुलखात हमिंगबर्ड, तुमच्या भिंतीशी शिंजीर. सोनटक्का पांढरा, आणि त्याची वेळ तिन्हीसांजेची. फुलाची नळी वीतभर नसली तरी चांगली तीन बोटं लांब, तळाशी मध. तो प्यायला लांब सोंडेचे पतंग अंधारात वासाच्या मागाने येतात. म्हणून वास संध्याकाळी चढतो. फूल एखाद दिवस टिकतं, मग पिवळसर होऊन मान टाकतं. पण त्याच कणसातून दुसऱ्या दिवशी नवी फुलं येतात, असं दोन-तीन आठवडे चालतं.

म्हणूनच गजरा-वेणी विकणारे सोनटक्क्याच्या फारसे नादी लागत नाहीत. तो टिकत नाही, दाबला की डागाळतो. तो घरचाच लागतो. संध्याकाळी उमलायच्या बेतातली टपोरी कळी खुडायची, ओल्या फडक्यात किंवा केळीच्या पानाच्या द्रोणात ठेवायची, ती रात्री तिथेच उमलते आणि सकाळी पूजेला ताजी मिळते. फ्रिजमध्ये ठेवू नका, पाकळ्या काचेसारख्या होऊन काळ्या पडतात.

गौरींपर्यंत फूल येईल का, ते आत्ताच सांगता येत नाही. पण तुम्हाला आधी कळू शकतं. नारळीपौर्णिमेनंतर दर दोन दिवसांनी दांड्याचा शेंडा, सगळ्यात वरची पानं जिथून निघतात ती जागा, हलकेच चिमटीत धरून बघा. मऊ आणि पोकळ लागलं तर आत अजून पानच गुंडाळलेलं आहे. गच्च, टणक, मक्याच्या कोवळ्या कणसासारखं भरीव लागलं तर आत खवल्याखवल्यांचं हिरवं कणीस आहे, आणि त्यानंतर पहिली कळी डोकवायला फार दिवस लागत नाहीत. तसं लागलं त्या दिवशी सासूबाईंना हाताला धरून तिकडे न्या आणि त्यांनाही चिमटीत धरून बघायला सांगा. त्यांना ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.